गावाला गेले

खिडकीजवळच्या बेडवर आज नवीन चादर होती.

"हुलवळेकाका दिसत नाहीत?" शेजारच्या बेडवरून गुणामावशींनी विचारलं. डायलिसिसची सुई टोचण्याआधी मी त्यांचा हात चाचपत होतो. कातडीखाली रक्ताची थरथर बोटांना लागली, की मगच टोचायचं.

"गावाला गेले. मुलाकडे."

आम्ही टेक्निशियन असंच सांगतो. आठवड्यातून तीनदा शेजारीशेजारी झोपणाऱ्यांना खरं सांगवत नाही.

"पावगी गावाला गेले. कुलसूमबी गेली. परत कुणीच येत नाही, साधा फोनसुद्धा नाही." मावशी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा हसल्या. किडन्या गेल्यापासून त्यांना पाणी घोटाघोटानं मोजून मिळायचं. "माझा नंबर लागला, की नदीकाठचं गाव सांग हां, बाळा. तिथं तरी पोटभर पाणी पिईन."

उन्हाळ्यात मावशींच्या बेडवर नवे पेशंट आले.

"इथं आधी कोण होतं?"

मी मान खाली घालून त्यांच्या हातातली थरथर शोधत राहिलो. उत्तर समोरच्या बेडवरून आलं.

"मावशी होत्या. नदीकाठी गेल्यात, पाणी प्यायला."

कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारलं, "थंड असेल ना तिथलं?"