चैतीचा उजवा डोळा

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि चैतीच्या तोंडासमोर बोटं धरली. "आजी, किती?"

चैतीला बोटं दिसली. बोटांमागचा डॉक्टर दिसला. आवाजावरून तो तिला चांगला पोक्त वाटला होता, तर हे नुकतं मिसरूड फुटलेलं पोर निघालं. खिडकीचे गज दिसले. खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला तिचा लेक कमलेश दिसला, आणि त्याच्या दाढीतले पांढरे केस दिसले. पोरगा कधी पिकायला लागला ते तिला कळलंच नव्हतं.

"काय नाय दिसत," ती म्हणाली.

हे उत्तर ती घरूनच ठरवून आली होती. म्हातारीला कुणी भोळी समजू नये. गेल्या साली लेक आणि सून तिला पाड्यावर एकटीला सोडून जगायला गेली, भिवंडीकडच्या वीटभट्टीवर मजुरीला. चैती अंधुक डोळ्यांनी पाण्याला निघाली, विहिरीच्या वाटेवर पडली आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच कण्हत राहिली. मग पाड्याने कमलेशला बोल लावले, की आंधळ्या आईला टाकून गेलासच कसा? यंदा भात झोडून झालं, दिवाळी सरली, भट्टीसाठी मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि लेकाचं प्रेम एकदम उतू जायला लागलं. आये, मोखाड्याला शिबिर हाय. आये, फुकट हाय, डोळा करून घे. सून रविना तर त्याच्याही पुढे. जीपमध्ये पुढची जागा काय, चहा फुंकून देणं काय, उशाला स्वतःचं लुगडं काय. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते चैतीला बरोबर कळत होतं. डोळा बरा झाला की पाड्यालाही बोलायला जागा नाही. जोडी पुन्हा भट्टीवर जायला मोकळी.

तरी ती आली होती. डोळा उघडणं डॉक्टरच्या हातात असलं, तरी दिसतंय म्हणणं तिच्याच तोंडात होतं.

डॉक्टरांनी बॅटरी मारली, खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "डोळा स्वच्छ आहे आजी. भिंगही छान बसलंय."

"तुमाला दिसत असंल भिंगातून. मला नाय दिसत."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. चैती भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर एक पाल होती, तिच्यावरही तिने नजर ठरू दिली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "कधीकधी वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात परत आणा. धूळ नको, धूर नको," आणि बाजूच्या खाटेकडे वळले.

कमलेश फोन घेऊन बाहेर गेला. खिडकीतून त्याचा आवाज आत येत होता. "मुकादम, गाडी जरा थांबव. आयसचं काय जमत नाय... तसं कसं, एकट्याला घे ना... जोडीच पायजे? बरं, बघतो."

चैतीला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

रविना खाटेच्या कडेला येऊन बसली. लग्नात गोबऱ्या गालांची आलेली ही पोर चैतीच्या मनात तशीच राहून गेली होती. आता गाल आत गेले होते. पदराखाली दडवलेले हात पाणी ओतायला बाहेर आले, तेव्हा चैतीला तिची बोटं दिसली. चिखल थापून थापून टोकं झिजली होती, भेगा काळ्या पडल्या होत्या, एक नख मुळातूनच गेलं होतं. एवढ्या दिवसांत सून त्याबद्दल कधी बोलली नव्हती, आणि सासूनेही विचारलं नव्हतं.

कानामागे, केसांत, भाताचं एक कुसळ अजून अडकलेलं होतं. झोडणीच्या दिवसांत पाड्यावरच्या बाया एकमेकींच्या केसांतली कुसळं काढत असतात. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही. चैतीचा हात आपोआप वर गेला आणि तिने चिमटीत ते कुसळ अलगद ओढून काढलं.

मग तिच्या लक्षात आलं.

रविना त्या चिमटीकडे बघत होती. कुसळ केसाहून बारीक होतं. तिने वर पाहिलं, सरळ सासूच्या उजव्या डोळ्यात. झालं, आता ही नवऱ्याला हाक मारणार. पुढची जागा, चहा, लुगडं, सगळं वसूल करणार.

रविनाने कुसळ तिच्या बोटांतून काढून घेतलं आणि खाटेखाली टाकलं.

कमलेश आत आला. "काय गो, दिसलं का आयसला काय?"

"कुठलं," रविना म्हणाली. "माझं तोंड पण ओळखत नाय. मला नाय यायला जमायचं भट्टीवर."

कमलेश स्टुलावर मटकन बसला. चैती भिंतीकडेच बघत होती. ही का खोटं बोलली? हिच्या मनात काय आहे? संशयाची सवय अशी चटकन सुटत नाही. पण रविनाने काळा चष्मा तिच्या नाकावर बसवला तेव्हा ती भेगाळलेली बोटं तिच्या गालाला लागली, आणि तिने पुढे काही विचारलं नाही.

रविनाने तिला उठवलं, काखेत हात घातला. दाराकडे चालता चालता तिने सासूच्या कानाशी तोंड नेलं.

"आये, पुढं पायरी हाय. तिथं जरा ठेचकाळ."