नळाभोवतीची सफाई

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सार्वजनिक धोरणाचं एम.ए. करणारा विद्याधर पाण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करायला घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत आला, पण महिला मंडळाच्या शेवंतीबाई त्याला दाद देईनात. "आधी वस्तीसाठी काहीतरी करून दाखव, मग प्रश्न विचार," म्हणाल्या.

विद्याधरनं चार मित्र जमवले आणि भर दुपारी सार्वजनिक नळापुढच्या विटा, फुटके डबे, तुटक्या चपला उचलून टेकडीखाली नेऊन टाकल्या. पाण्याच्या वेळेला बायका हंडे घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. विद्याधर शाबासकीची वाट बघत हसत उभा.

"मेल्या, सकाळपासून लावलेली आमची रांग होती ती!" शेवंतीबाई कडाडल्या. "माझी वीट पहिली होती. आता तिच्या जागी तू उभा राहा, आणि हलू नकोस!"