ताईचा डबा

"काल तुम्ही काय केलंत? स्पॅनिशमध्ये सांगा," मॅडम म्हणाल्या. भूतकाळाचा तास होता. 'मी', 'तिला', 'तिने' सगळं वापरायचं होतं.

माझं वाक्य पाठ होतं. "काल मी ताईकडे गेले. तिचा डबा मी तिला लाडू भरून परत दिला."

मॅडम खूश. "मग ती तुम्हाला काय म्हणाली?"

वाक्य मी मनाने रचलेलं होतं. उत्तराला स्पॅनिश शब्द येत होते. पण ताईशी मी सात वर्षं बोललेच नव्हते. आईच्या आजारपणात आमचं वाजलं, तेव्हापासून तो डबा माझ्या फडताळात पडून होता.

तास संपेपर्यंत मी पेनाचं टोपण चावत बसले. घरी गेले, चप्पलही न काढता डबा पिशवीत कोंबला आणि रिक्षा पकडली.

दार ताईनेच उघडलं. मी डबा पुढे केला आणि लक्षात आलं, घाईत भरायचाच राहिला होता! आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत.

ताईने झाकण काढून आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"रिकामाच आणलास? बरं केलंस," ती म्हणाली. "आत ये. भरून देते."