नकाशा क्रमांक दोन

कपाटातून एक, तीन आणि चार नंबरचे नकाशे निघाले. दोन नंबरचा निघाला नाही. खाणीच्या ऑफिसातलं दप्तर सांभाळणारा यादोराव पुन्हा तोच खण उपसायला लागला.

खाली मँगनीजच्या खाणीत छत बसलं होतं आणि खाणकामगार गोमाजी ढिगाऱ्यापलीकडे अडकला होता. दगडावर दगड ठोकल्याचा आवाज येत होता, म्हणजे माणूस जिवंत होता. बाजूनं वाट खणून त्याला काढायचं, तर जुना बोगदा कुठल्या अंगाला आहे ते आधी कळायला हवं होतं. तो पाण्यानं भरलेला होता. भलतीकडे पहार लागली, तर गोमाजीबरोबर खणणारेही बुडाले असते. पहिला नकाशा झाला तेव्हा तो बोगदा नव्हताच. तिसऱ्यापासून पुढे, बंद पडला म्हणून, गाळला होता. होता तो फक्त दुसऱ्यात, आणि तो काढणारा ड्राफ्ट्समन केव्हाच वारला होता.

नंबर घालायची पद्धत यादोरावाचीच. नवा नकाशा आला की जुन्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, पण जुना टाकायचा नाही. “मधला नंबर तुटला तं दप्तर कायचं?” असं तो नव्या कारकुनांना सुनवायचा, आणि सुनवताना छाती जरा पुढे काढायचा.

“यादोराव, दोन नंबर कुठे आहे?” मॅनेजरसाहेब दारात उभे होते.

“वाळवीनं खाल्ला असन, साहेब.”

बोलताना त्याला स्वतःचीच किळस आली. कपाट लोखंडी होतं. साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मग अंदाजानं खणतो,” एवढंच म्हणून ते वळले.

यादोराव त्यांच्यामागे धावत बाहेर आला. व्हरांड्यात गोमाजीची बायको शकुनबाई तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याचं धोतर धरलं.

“भाऊजी, नकाशा भेटला का?”

यादोरावानं खाली पाहिलं. खाणीचे नकाशे खळ लावलेल्या तलम कापडावर काढत. गरम पाण्यात भिजवलं की खळ जाते, रेघा जातात, आणि मलमलीसारखं मऊ कापड हाती येतं. ऑफिसातले सगळेच उरल्यासुरल्या तुकड्यांचे रुमाल करत, आणि यादोराव त्यांना टोचून बोलायचा. त्यानं स्वतः एकच तुकडा नेला होता. शेजारणीला पहिलं बाळ झालं होतं, आणि रद्द झालेला नकाशा कोण विचारतो, असं त्याला वाटलं होतं.

बाळ पाय झाडत होतं. पांढऱ्याशुभ्र झबल्यावर रेघ एकही उरली नव्हती; काठाशी तेवढा, किती वेळा धुऊनही न गेलेला, शाईचा दोनचा आकडा होता.

“साहेब, थांबा!” यादोराव ओरडला. मग तो शकुनबाईपुढे खालीच बसला.

“भेटला, शकुनबाई,” तो म्हणाला. “तुह्या पोराच्या आंगात हाय.”