अप्पांच्या गाडीतले नवे स्पीकर

ओट्यावरून स्टीलचं झाकण खणकन खाली पडलं. शाल्मलीची लेक रेवा दचकली, तिच्या शेजारी बसलेल्या अप्पांनी मात्र शांतपणे पेपरचं पान उलटलं. शाल्मलीने झाकण उचललं. सासऱ्यांचे कान आता जवळजवळ गेलेच होते.

"अप्पा, मशीन बसवून घेऊ या ना कानात!" ती ओरडूनच म्हणाली.

"माझ्या कानात नको, गाडीत बसव. तिचाही आवाज गेलाय!" अप्पा हसले.

शाल्मलीने ते मनावर घेतलं. अप्पांच्या पस्तीस वर्षांच्या ऐटबाज परदेशी गाडीत तिने नवा डेक, मोठे स्पीकर, डिकीत वूफर असं सगळं बसवायला घेतलं. निदान आवाजाच्या जोरावर तरी अप्पांना त्यांची नाट्यगीतं पुन्हा ऐकू यावीत, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगसमोर बसले. शेजारी शाल्मली, मागे रेवा. डेकचे निळे दिवे लागले आणि अप्पांची मान डोलू लागली. बोटांनी ताल धरला.

"वा! काय लागलाय सूर! जिंकलंस गं पोरी!" बोलताना नजर सुनेच्या चेहऱ्यावर होती.

"वहिनी, जरा थांबा हं," डिकीमागून दस्तगीर मिस्त्रीने हाक दिली, "स्पीकरच्या वायरी जोडायच्यात अजून!"

शाल्मलीने डोळे पुसले, हसली आणि अप्पांबरोबर मान डोलावू लागली.

रेवा मागून तिच्या कानाशी आली. "आई, आजोबांना ऐकू आलेलं गाणं आपल्याला का नाही गं आलं?"