खायला घालणारी

"सोड! अरे सोड!" नवरा फरशीवर लोळत किंचाळत होता. चहाला उशीर झाला म्हणून शालनवर पट्टा उगारणारा त्याचा हात आता रॉटवायलरच्या जबड्यात होता. मनगटाचं हाड करकरत होतं, रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

कुत्रा त्यानंच रुबाबासाठी आणलेला. रविवारी साखळी धरून गल्लीभर मिरवायचा. "खायला घालणं बायकांचं काम," म्हणत बाकी सगळं त्यानं तिच्या गळ्यात मारलं होतं. कोंबडीचे पाय शिजवून तिनंच भरवले, कान तिनंच पुसले, 'सोड' म्हटलं की तोंडातलं फडकं सोडायलाही तिनंच शिकवलं.

"शालन, तू सांग त्याला! पाया पडतो तुझ्या!"

त्याच्यासाठी ओतलेला चहा अजून गरम होता. ती खुर्ची ओढून बसली, फुटलेल्या ओठांनी निवांत प्यायली. शेवटचा घोट झाल्यावर म्हणाली, "सोड."