खंडेनवमीची पाहुणी

वॉचमनने आधी हातावर पेढा ठेवला आणि मग विचारलं, "कोणाकडच्या?"

"सर्वेशकडच्या," मालनताई म्हणाल्या.

"जावा की मग. सरळ जाऊन डावीकडे, लेथवर."

खंडेनवमीला डोंबिवलीच्या एमआयडीसीत कंपन्यांची गेटं उघडी असतात. एरवी पासाशिवाय चिटपाखरू आत जात नाही, पण आज यंत्रांची पूजा. बायका, पोरं, सासवा नटूनथटून येतात आणि आपला माणूस दिवसभर कुठे उभा असतो ते बघून जातात. मालनताईंनी म्हणूनच हा दिवस धरला होता. कांदेपोह्यांच्या बशीसमोर कुणीही शहाण्यासारखंच वागतं. माणूस बघायचा तर कामावर बघावा.

निघतानाच गंमत झाली होती. ठाण्यात वर्तकनगरच्या नाक्यावर रिक्षावाल्याला "मानपाडा" म्हटलं, तर तो थेट घोडबंदरला निघाला. "तो नव्हे रे बाबा, डोंबिवलीचा. मला आपलं स्टेशनला सोड," म्हणून त्यांनी रिक्षा वळवायला लावली. मालनताईंना भलत्या गावाला नेणं कुणाला अजून जमलेलं नव्हतं.

स्थळ आणलं होतं शिवानीने, त्यांच्या लेकीने. शिवानी आणि सर्वेश कल्याणच्या कॉलेजात एका वर्गात होते. सगळं त्या दोघांनीच परस्पर जुळवलं होतं. मालनताईंनी फक्त बघायचं आणि हो की नाही ते सांगायचं. सकाळी ऑफिसला जाता जाता फोन करून शिवानीने त्यांना अबोली साडी नेसायला लावली. केसांना रंग लाव म्हणाली, ते मात्र त्यांनी ऐकलं नाही. जे आहे ते आहे.

सर्वेश लगबगीने पुढे आला. "या काकू. सापडलं ना?"

"काय रे सर्वेश, सासूबाई वाटतं?" मशीनमागून कुणीतरी ओरडलं आणि चारपाच जण खिदळले.

सर्वेश कानापर्यंत लाल झाला, पण नाही म्हणाला नाही. "हसू दे त्यांना," तो हळूच म्हणाला. "माझ्यावर हसलेले बरे. बाबा आमचे फार लाजरे आहेत."

बाबा म्हणजे सहदेवराव, तिथले फोरमन. झेंडूची माळ घातलेल्या लेथपाशी ते उभे होते. त्यांनी नमस्कार केला आणि लगेच लेथ पुसायला घेतली. ती आधीच लख्ख होती.

मालनताईंचं शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप लावायच्या आधीच त्यांना माप कळायचं. बापलेकांना त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. मुलाचा शर्ट कडक इस्त्रीचा. बापाच्या शर्टाची एक गुंडी वेगळ्या दोऱ्याने लावलेली, पण घट्ट. ज्याने लावली त्याला घाई नव्हती, हे त्यांनी मनात टिपलं.

"घरात स्वयंपाक कोण करतं?" त्यांनी सर्वेशला विचारलं. आडपडदा ठेवायला त्या आल्याच नव्हत्या.

"दोघं मिळून. आई गेल्यावर बाबा भाकरी शिकले. आता माझ्यापेक्षा गोल करतात."

"पिणंबिणं?"

"नाही काकू. बाबा तंबाखू खायचे, तीही सोडली."

"कधी?"

"महिना झाला असेल." सर्वेश बापाकडे बघून हसला. सहदेवराव लेथच्या पलीकडच्या बाजूला पुसायला गेले.

उघड्या शटरमधून औषधी, आंबूस वास आत आला. इथे नांदायचं म्हणजे हा वास रोजचा. वर्तकनगरात निदान हवा तरी बरी होती. एकदा हो म्हटलं की जन्माचा प्रश्न, आणि चुकलं तर हसायला लोक टपलेलेच. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात खरं, पण ते शीत अजून हाताला लागलं नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसातली मुलगी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. बायका ओळीने कपाळ पुढे करत होत्या. मालनताई सवयीने एक पाऊल मागे सरकल्या. नवरा गेल्यापासून त्या अशाच सरकत आल्या होत्या. कुणी सांगायची वेळच येऊ द्यायची नाही. तबक त्यांना वगळून पुढे गेलं.

"अगं बाळ," सहदेवराव पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "पाहुण्या राहिल्या."

मुलगी गोंधळली. "काका, पण त्या..."

"राहिल्या म्हटलं ना."

एवढं बोलून ते पुन्हा लेथकडे वळले. मुलगी परत आली. मालनताईंच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे टिपले, पण कुंकवाला धक्का लागू दिला नाही.

निघताना बापलेक गेटपर्यंत पोचवायला आले.

"उद्या दसरा," सहदेवराव जमिनीकडे बघत म्हणाले. "सोनं द्यायला आम्ही... आलेलं चालेल?"

"या," मालनताई म्हणाल्या. "संध्याकाळी या. जेवूनच जा."

सर्वेशने सुटकेचा श्वास टाकला, जणू बोर्डाचा निकाल लागला.

मानपाडा रोडला लागताच फोन वाजला. शिवानीला कुठला धीर धरवतोय?

"आई, बोल ना. कसं काय?"

"चांगली आहेत गं माणसं. वास येतो थोडा, होईल सवय. उद्या येतायत दोघं सोनं द्यायला. तूही ये."

"येणारच. आणि सिद्धेशला पण घेऊन येते. तो सकाळपासून माझं डोकं खातोय, सासूचं कन्यादान जावयाने केलेलं चालतं का म्हणून."